मीठ कोण चाखणार?

हलीमचे पातेले सकाळीच चुलीवर चढते. भिजवलेला गहू, दोन-तीन डाळी, मटण, आले-लसूण, गरम मसाला. हे सगळे मंद आचेवर तासन् तास शिजवायचे आणि लाकडी घोटणीने इतके घोटायचे की गहू कुठला आणि मटण कुठले हे सांगता येऊ नये. घोटणाऱ्याचा स्वतःचा रोजा असतो. पहाटे सहरी करून तो आलेला असतो, सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही त्याला चालत नाही. मग मीठ बरोबर पडले की नाही, हे कळायचे कसे?

शरियतमध्ये आचाऱ्याला थोडी सवलत आहे. गरजच असेल तर जिभेच्या टोकाला लावून चव पाहावी आणि लगेच थुंकून टाकावी, घशाखाली जाऊ देऊ नये. पण बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत. वासावर, हाताच्या अंदाजावर आणि इतक्या वर्षांच्या सवयीवर भागवतात. शिवाय ज्या हॉटेलात बिगर रोजेदार कारागीर असतो, तिथे प्रश्नच मिटतो. "अण्णा, जरा निमक देखो," अशी हाक जाते. अण्णा पळीभर हलीम तळहातावर घेतात, चाखतात आणि मान डोलावतात. संध्याकाळी शेकडो माणसे ज्या चवीची तारीफ करतात, तिच्यावर शेवटचा शिक्का कधीकधी असा अण्णांचा असतो.

मराठीत खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात, उर्दूत नमकहलाल. दोन्ही भाषांनी निष्ठेसाठी मीठच निवडले आहे.

सोलापुरात या दोन भाषांच्या जोडीला कन्नड आणि तेलुगू आहेतच. वेशींची नावेही चहूकडच्या वाटा दाखवतात. तुळजापूर वेस तुळजापूरकडे, विजापूर वेस आदिलशहाच्या विजापूरकडे. मुंबईहून हैदराबादला जाणारा रस्ता याच शहरातून जातो, त्यामुळे इथल्या दस्तरखानावर निजामाच्या मुलखाची छाप मुंबईपेक्षा जास्त. हैदराबादला हलीम नेले ते निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांनी, असे मानतात. मूळ पदार्थ त्यांचा हरीसा. 2010 मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूरला मानांकन मिळाले ते चादरीला, पण दालचा-खाना हा खास इथला म्हणावा असा बेत आहे. डाळ, मटण आणि दुधी भोपळ्याचा आंबटसर दालचा, सोबत भात. लग्नाच्या पंगतीत तो खाल्ला नाही असा सोलापूरकर, कुठल्याही समाजाचा असो, शोधावा लागेल.

आणखी एक गंमत. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंशांवर आहे, म्हणून इथला सूर्य मुंबईपेक्षा साधारण बारा मिनिटे आधी मावळतो. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा फोनवर अजून मगरीबच्या अजानची वाट पाहत असतो, तेव्हा इथे अम्मींचा खजूर खाऊन झालेला असतो.

रमजानमध्ये विजापूर वेशीत भरणाऱ्या बाजाराला लोक मीना बाजार म्हणतात. बांगड्या, अत्तर, टोप्या, कपडे, शेवया आणि खाण्याचे गाडे. निखाऱ्यावरचे शीक कबाब, खिमा-पाव, समोसे, मालपुवा, फिरनी, फालुदा. इथे टेबल-खुर्ची मांडून पोटभर जेवण्यापेक्षा एका गाड्यावर दोन घास, पुढच्यावर चार, मग शरबत, असे चालत चालत खाण्याची रीत आहे. पुण्या-मुंबईच्या महागड्या हॉटेलांत हल्ली तापास नावाने छोट्या छोट्या बशा येतात. स्पेनमध्ये मित्रांच्या टोळ्या अशाच एका दुकानातून दुसऱ्या दुकानात खात हिंडतात. त्या बशांतला एक नेहमीचा पदार्थ म्हणजे मटणाचे गोळे, तिकडे त्यांना अल्बोंदिगास म्हणतात. हा शब्द अरबी 'बुंदुक' वरून आला. बुंदुक म्हणजे हेझलनट नावाचे गोल फळ, त्यावरून छोटी गोळी. स्पेनमध्ये त्याचा कोफ्ता झाला, आपल्याकडे त्याच शब्दाची बंदूक झाली. स्पेनवाल्यांनी अधिक चांगला उपयोग केला असे म्हणावे लागेल.

कबाबांच्या धुरापेक्षा खरी कसोटी मात्र बेकरीच्या भट्टीपाशी असते. सोलापूरची सकाळ पाव, टोस्ट आणि खारीवर उजाडते, आणि रोजे सुरू झाले म्हणून शहराचा नाश्ता थांबत नाही. विटांची भट्टी लाकडे जाळून तापवतात, निखारे बाजूला सारतात आणि भिंतींनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर भाजतात. सगळ्यात कडक आचेला लादीपाव. मग आच उतरत जाते तशी खारी, नानकटाई आणि शेवटी टोस्ट. टोस्ट म्हणजे दुसऱ्यांदा भाजलेला पावच, तो घाईने होत नाही. लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत-बाहेर करणारा माणूस तासन् तास त्या तोंडासमोर उभा असतो. 2018 मध्ये रमजान मेच्या मध्यात सुरू झाला होता. सोलापूरचा मे महिना काय असतो ते इथे सांगायला नको. बाहेर ते ऊन, समोर भट्टी, आणि घशात पाणी नाही. कुणी मळणीचे काम तरावीहच्या नमाजनंतर रात्रीवर ढकलतो, कुणी भट्टीवरच्या पाळ्या बिगर रोजेदार साथीदाराशी बदलून घेतो. ईदच्या वेळी तोच साथीदार गावी न जाता दुकान सांभाळतो आणि दिवाळीला त्याची सुट्टी हा भरून काढतो. असे करार कागदावर नसतात.

या भट्ट्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्नच आहे. मुंबईत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी गॅस किंवा विजेकडे वळावे, यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सहा महिन्यांची मुदत घातली. धुराचा त्रास खोटा नाही, आणि तो सर्वांत आधी भट्टीपुढच्या माणसाच्याच छातीत जातो. पण नवी भट्टी बसवायला भांडवल लागते, आणि पाव किती रुपयांना विकायचा याला मर्यादा असते. हा बदल सोलापुरात आला तर लहान बेकऱ्यांना कर्जाचा आधार द्यावा लागेल. नुसती नोटीस देऊन भागणार नाही.

कुणाच्या हातचे खायचे, हा प्रश्न मात्र या भट्ट्यांपेक्षाही जुना आहे. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर चहा-बिस्किटे दिली गेली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कप चहाचे एवढे महाभारत! त्यानंतरही कितीतरी वर्षे गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी कपबशी वेगळी, तीही बाहेर ठेवलेली. शहरांतल्या इराण्याच्या आणि मुसलमानाच्या हॉटेलात मात्र पैसे टाकणाऱ्या कुणालाही त्याच कपात चहा मिळे. समाजसुधारणेचा फलक त्यांनी कधी लावला नाही. गल्ला चालायला हवा, इतकाच हेतू असेल. तरी पंगत मोडायला त्याने मदत झाली.

आज कपबशी वेगळी नाही, पण कुणाच्या दुकानातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये याचे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांना उत्तर म्हणून कुणी मुद्दाम कबाब खायला यावे, अशी अपेक्षा नाही. खाणे ज्याचे त्याने ठरवायचे. सोलापुरातल्या कितीतरी लिंगायत, जैन, मारवाडी घरांत मांस-अंडे वर्ज्य आहे आणि रमजानच्या बाजारात यायला त्यांना संकोच वाटतो तो तेवढ्यासाठीच. त्यांच्या माहितीसाठी: फळे, खजूर, शरबत आणि फिरनी यांना हरकत नसावी. मालपुव्यात अनेक ठिकाणी अंडे असते, विचारून घ्यावे. फालुद्यातली जेलीही विचारावी. समोसा भाजीचा असला तरी कढई कोणती, हा प्रश्न रास्त आहे. असे विचारल्याने कुणी रागावत नाही. हलाल काय आणि काय नाही याची चौकशी आयुष्यभर करणाऱ्याला दुसऱ्याचे पथ्य लवकर समजते. फक्त एक पाळावे. मगरीबच्या अजाननंतरची पहिली वीस-पंचवीस मिनिटे गाड्यावर घाई करू नये. विकणाराही तेव्हाच पहिला घोट पाणी घेत असतो, मग नमाज असते. तासाभराने गेलेले उत्तम.

चार शब्द घरच्यांनाही ऐकवायला हवेत. रोजा भुकेची ओळख व्हावी म्हणून आहे, आणि बाजारात हिंडणाऱ्याला कुठे भूक दिसत नाही. अर्धवट खाल्लेल्या बशा, रस्त्यावर प्लास्टिकचे पेले, दुचाक्यांनी अडवलेली शेजाऱ्याची दारे. रात्री एक वाजता आजारी माणसाला रिक्षात घालून न्यायचे तर वाट मिळत नाही, ही त्या भागातल्या रहिवाशांची तक्रार अजिबात अवाजवी नाही. आणि बायकांचे काय? त्यांचाही रोजा असतो. असरच्या नमाजनंतर त्या भजी तळायला उभ्या राहतात, सर्वांचा रोजा उघडून झाल्यावर त्यांचे ताट वाढले जाते. अलीकडे त्या कुटुंबासोबत, मैत्रिणींसोबत मीना बाजारात उभ्या राहून कबाब खाताना दिसतात, बुरख्यातल्या आणि टिकली लावलेल्या, एकाच बाकावर. जुन्या लोकांना ते खटकते. खटकू दे. महिनाभर चूल सांभाळणाऱ्या बाईने एक रात्र दुसऱ्याच्या हातचे खाल्ले तर बिघडले काय?

हिजरी वर्ष चंद्राचे असल्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2029 मध्ये तो जानेवारीच्या मध्यात सुरू होईल, म्हणजे ऐन मकर संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत. याआधी 1997 च्या जानेवारीतही असाच योग होता. गड्ड्याला होम मैदानावर पाळणे बघायला आणि भजी खायला मुसलमान पोरे पिढ्यान् पिढ्या जातात. त्या वर्षी त्यांना अंधार पडेपर्यंत थांबावे लागेल. होम मैदान ते विजापूर वेस हे अंतर पायी जाण्याइतकेच आहे. दोन्हीकडच्या गाडेवाल्यांना त्या महिन्यात माणसे कमी पडतील, तेव्हा कांदा चिरायला आणि मीठ चाखायला कुणाला बोलवायचे, याचा विचार त्यांनी आत्तापासून करायला हरकत नाही.