‘हवा सोडली जाईल!’ : रस्त्यावरचं पार्किंग, गाडीवरचे ओरखडे आणि आपले गैरसमज

पुण्याच्या पेठांमधल्या गल्ल्या टांग्यांच्या काळातल्या आहेत. गिरगाव-दादरच्या कित्येक इमारती उभ्या राहिल्या तेव्हा बिऱ्हाडागणिक मोटार असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज त्याच गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात आणि मधून पाण्याचा टँकरही जातो. अशा ठिकाणी कुणाचा तरी आरसा मोडणार, कुणाच्या तरी दारावर पोचा येणार, हे ठरलेलंच. मग भांडण जुंपतं. त्यात दोन्ही बाजूंना कायदा तोंडपाठ असतो, फक्त तो पुस्तकातला नसतो. रस्त्यावर नेहमी ऐकू येणारे हे काही ‘नियम’ आणि त्यांच्यामागची खरी परिस्थिती.

गैरसमज : घरासमोरचा रस्ता म्हणजे आमची जागा.

वस्तुस्थिती : भिंतीच्या आतली जागा तुमची, बाहेरचा रस्ता महापालिकेचा. मालमत्ता कर भरला म्हणून फाटकासमोरच्या डांबरावर हक्क मिळत नाही. तिथे कुंड्या, विटा, सिमेंट भरलेले डबे किंवा साखळी ठेवून जागा अडवणं हा उलट रस्त्यावरचा अडथळा ठरतो. मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा आणि इतर शहरांना लागू असलेला १९४९ चा कायदा, दोन्हींनुसार असा अडथळा पालिका उचलून नेऊ शकते. शेजारी ‘रोज इथेच लावतो’ म्हणून त्याचा हक्क तयार होत नाही आणि तुमचाही होत नाही.

फाटकाची वाट मात्र वेगळी. येण्याजाण्याचा मार्ग अडवून गाडी उभी करायला मनाई आहेच, पाटी असो वा नसो. म्हणजे फाटकासमोर दुसऱ्याला मज्जाव करता येतो तो वाट मोकळी राहावी म्हणून. आपली गाडी लावायला जागा राखून ठेवावी म्हणून नव्हे.

गैरसमज : ‘नो पार्किंग’ची पाटी नाही, म्हणजे गाडी लावायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : काही जागा पाटीशिवायही बंद असतात. मोटार वाहन चालन विनियम, २०१७ मध्ये त्यांची यादी आहे. पदपथ, सायकल मार्ग, झेब्रा क्रॉसिंग, चौकाच्या तोंडाशी आणि वळणावरची जागा, बस थांबा, कुणाच्या फाटकाची वाट आणि आधीच उभ्या असलेल्या गाडीला लागून दुसरी रांग, या ठिकाणी गाडी लावता येत नाही.

‘दोनच मिनिटं’ म्हणत चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवण्याची पद्धतही अशीच मनाने ठरवलेली. ते दिवे गाडी बंद पडली किंवा धोका निर्माण झाला तर इतरांना सावध करायला असतात. त्यांनी जागा वैध होत नाही. पाट्यांमधला फरकही पाहून ठेवावा. निळ्या गोलावर एकच तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई. माणूस चढवून-उतरवून लगेच पुढे जाता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंच नाही. पुण्यात पी-१, पी-२ अशा पाट्यांवर सम-विषम तारखांचा हिशोब असतो. काल जी बाजू चालत होती ती आज चालत नाही, आणि टोइंगवाल्यांना तारीख बरोबर ठाऊक असते.

गाडी महिनोन्महिने कव्हर घालून एकाच झाडाखाली ठेवणाऱ्यांनाही नियम आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारशी किंवा विनादेखरेख सोडलेली गाडी हलवण्याचे किंवा तिला जॅमर लावण्याचे आदेश गणवेशातले पोलीस देऊ शकतात. उचलण्याचा खर्च मालकाच्याच माथी येतो.

गैरसमज : चुकीच्या जागी लावली होती ना? मग हवा सोडली, ठोकली तर दोष त्याचाच.

वस्तुस्थिती : चुकीच्या पार्किंगला कायद्याने ठरवलेली शिक्षा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि नंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो, शिवाय टोइंगचा खर्च. ती शिक्षा देण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. पुण्यातल्या फाटकांवरची ‘हवा सोडली जाईल’ ही पाटी वाचायला खमंग असली, तरी लिहिणाऱ्याच्याच गळ्यात ती पुरावा म्हणून अडकू शकते. दुसऱ्याच्या वस्तूचं जाणूनबुजून नुकसान करणं किंवा तिची उपयुक्तता घटवणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली आगळीक ठरते. किल्लीने दारावर रेघ ओढणं, वायपर पिळून ठेवणं, आरसा तोडणं हे सगळं त्यातच बसतं. १ जुलै २०२४ पासून हे कलम लागू आहे. त्याआधी भारतीय दंड संहितेतही असाच गुन्हा होता.

चुकून धक्का लागला तर ती आगळीक ठरत नाही, कारण त्यात हेतू नसतो. भरपाईची जबाबदारी मात्र राहते. उभी गाडी वळणावर चुकीची लावली असेल तर तिच्या मालकाच्या वाट्यालाही निष्काळजीपणाचा काही हिस्सा येऊ शकतो, पण त्याची चूक म्हणजे तुमची सुटका नव्हे. दोष दोघांत वाटला जातो.

गैरसमज : गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक काढून जाणं हाच चांगुलपणा.

वस्तुस्थिती : नाट्यगृहाबाहेर, मंगल कार्यालयापाशी हे सर्रास चालतं. मागे दुसरी रांग लावायची, गाडी ‘ढकलती’ ठेवायची आणि आत जेवायला बसायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ याच्या नेमकं उलट सांगतं. चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवं आणि गाडी आपोआप हलणार नाही अशी ब्रेकची किंवा अन्य व्यवस्था हवी. सपाट वाटणाऱ्या रस्त्यालाही पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. ढकललेली गाडी पुढच्या स्कूटरवर गेली, तर ढकलणारा पसार आणि उत्तर द्यायला मालक. आडवी लावायचीच वेळ आली, तर काचेवर मोबाइल नंबर ठेवा, फोन उचला आणि पाच मिनिटांत येता येईल इतक्या अंतरावर राहा.

गैरसमज : बंपर असतोच ठोकायला. उलट पत्र्यावर ओरखडा आला की गंज लागलाच.

वस्तुस्थिती : हल्लीचा बंपर प्लास्टिकचा असतो. हळू धक्का लागला तर तो दबून परत आकार घेतो आणि बाहेरून काहीच झालं नाही असं वाटतं. आत मात्र क्लिप तुटलेल्या असू शकतात, सेन्सर सरकलेला असू शकतो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, ते याच बंपरमध्ये बसतात. म्हणून ‘काही नाही झालं हो’ म्हणण्याआधी रिव्हर्स टाकून सेन्सर बोलतोय का ते पाहावं. बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवणं हा उपाय नाही. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. धक्क्याचा जोर गार्डमधून थेट सांगाड्यात जातो, एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो आणि पादचाऱ्याला जास्त इजा होते.

प्लास्टिक गंजत नाही. पत्राही लगेच गंजत नाही. पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. ओरखड्यावरून नख फिरवून पाहा. नख अडकलं नाही तर तो बहुधा वरच्या थरातच आहे आणि रबिंग-पॉलिशने जातो. नख अडकलं आणि आत करडा प्रायमर किंवा चमकता पत्रा दिसला, तर टचअप लांबवू नये. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत तर नाहीच. टूथपेस्टचा घरगुती उपाय म्हणजे बारीक खरवडणंच. वरवरची रेघ त्याने फिकट होते, खोल रेघ तशीच राहते आणि आजूबाजूची चमक जाते.

गैरसमज : धक्का लागला, पण मालक तिथे नव्हता. मग निघून गेलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याच्या कलम १३२ नुसार अपघातात किंवा नुकसानीत ज्याला झळ बसली त्याने आपलं नाव-पत्ता देऊन विचारणा केली, तर चालकाने स्वतःचं आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता द्यावाच लागतो. ‘काय करायचं ते कर’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. कुणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर कलम १३४ लागू होतं. कुणी जखमी असेल तर त्याला उपचार मिळवून देणं, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं हे मग चालकाचं कर्तव्य असतं. इजा झाली असेल तिथे आपापसांत मिटवण्याचा प्रश्नच येत नाही.

मालक समोर नसेल तर विचारणार कोण? इथे कायद्याइतकीच रीतही महत्त्वाची. वायपरखाली नाव, फोन नंबर आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, वॉचमनला किंवा समोरच्या दुकानदाराला सांगून जावं. ज्या गल्लीत रोज गाडी लावायची आहे तिथे कॅमेरेही आहेत आणि माणसंही.

ज्याचं नुकसान झालं त्याने वाहन क्रमांक गाड्यांची माहिती देणाऱ्या ॲपवर टाकला, तरी मालकाचं पूर्ण नाव-पत्ता हाती येत नाही. नावाची अक्षरं झाकलेली असतात. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे त्याच दिवशी जावं. पोलीस चौकीत अशा किरकोळ नुकसानीची नोंद बहुतेकदा एनसी म्हणजे अदखलपात्र म्हणून होते. तिच्यावर तपास आपोआप सुरू होत नाही, पण घटना कधी आणि कुठे घडली याचा कागद हाती राहतो.

गैरसमज : ज्याने ठोकलं त्याच्या विम्यातून पैसे मिळतीलच.

वस्तुस्थिती : कागदावर हे खरं आहे. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण ते पैसे मिळवायचे तर पोलिसांचे कागद घेऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. पाच हजारांच्या ओरखड्यासाठी तारखा घेत बसणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे व्यवहारात तीनच वाटा उरतात : समोरच्याने रोख द्यायचे, आपल्या पॉलिसीतून घ्यायचे किंवा आपल्या खिशातून.

गैरसमज : फुल इन्शुरन्स आहे, क्लेम टाकला की फुकटात काम.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. आधी क्लेममधून काय कापलं जातं ते पाहू. दर क्लेमला १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये आपल्याला भरावेच लागतात. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण, घेतलेलं नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमतच मिळते. समजा बंपर ८,००० रुपयांचा आहे. निम्मे ४,००० आणि त्यातून १,००० वजा, म्हणजे बंपरपोटी हातात ३,००० रुपये. मजुरी आणि रंगाचा हिशोब वेगळा.

आता गमावता काय ते पाहू. क्लेम न करणाऱ्याला नो क्लेम बोनस मिळतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो ओडी प्रीमियम भरतो, त्यावर पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की नूतनीकरणाच्या वेळी ही शिडी शून्यावर येते. समजा सुटीआधीचा ओडी प्रीमियम १०,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोहोचला आहात. क्लेमनंतर पाच वर्षांत अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये जास्त जातात. एकूण १२,५००. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण गणिताची दिशा बदलत नाही. चूक समोरच्याची असली तरी क्लेम तुमच्या पॉलिसीवर केला म्हणजे बोनस तुमचाच जातो. बोनस राखण्याचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर गोष्ट निराळी.

म्हणून आधी गॅरेजमधून अंदाज घ्यावा, मग एजंटला विचारावं की क्लेम केला तर पुढच्या वर्षी प्रीमियम किती होईल. छोट्या पोच्याला खिशातले पैसे बहुधा स्वस्त पडतात. विमा दार-फेंडर-दिवा एकदम गेल्यावर वापरायची गोष्ट आहे.

गैरसमज : नूतनीकरणाआधी सगळे ओरखडे एकाच क्लेममध्ये काढून घ्यावेत.

वस्तुस्थिती : गॅरेजवाल्याचा हा लाडका सल्ला. पण क्लेम घटनेगणिक असतो आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आंधळा नसतो. डाव्या फेंडरवरचा ताजा पोचा आणि उजव्या दारावरची गंजलेली रेघ एकाच धक्क्यात येत नाहीत, हे त्याला धक्क्याच्या दिशेवरून कळतं. खोटी हकिगत लिहून दिली तर क्लेम फेटाळला जाऊ शकतो आणि सही तुमची असते, गॅरेजवाल्याची नव्हे.

मग धक्का लागल्यावर करायचं काय? कुणाला लागलं नाही ना ते आधी पाहा. दोन्ही गाड्यांचे नंबरासह फोटो काढा, नाव-पत्ते घ्या आणि रस्ता मोकळा करा; मागे ताटकळलेल्या रिक्षावाल्याचं तुमच्या वादाशी काही देणंघेणं नाही. नुकसान किरकोळ असेल तर गॅरेजचा अंदाज आल्यावर रक्कम ठरवा आणि ‘हिशोब मिटला’ असं दोघांच्या सहीने किंवा मेसेजवर लिहून ठेवा. नुकसान मोठं असेल तर जागच्या जागी चूक कबूल करू नका, पैशांचा शब्दही देऊ नका. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दिलेली कबुली पॉलिसीच्या अटींना धरून नसते.

रस्ता सगळ्यांचा आहे, त्यामुळे त्यावर कधी ना कधी ओरखडा सगळ्यांच्याच गाडीला येणार. तो कुणाचा आवाज मोठा यावर मिटवला तर दोघांनाही महाग पडतो. फोटो, नाव आणि गॅरेजचा अंदाज यावर मिटवला तर संध्याकाळपर्यंत मिटतो.