मोजूनमापून मारलेली किंकाळी

पिंपरी-चिंचवडमधल्या नवी सांगवीत ड्रमसेट ठेवायचा कुठे, इथून हा विषय सुरू होतो. गुंठ्या-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर चार मजले उभे, आणि दोन घरांत फट एवढीच की खिडकीतून मिठाचा डबा हातोहात देता यावा. जोरात वाजणाऱ्या ड्रमशेजारी उभं राहिलं तर आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. निवासी भागासाठी कायद्याची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. सांगवी फाट्याकडे सरकावं तर तिथे जिल्हा रुग्णालय आणि उरो रुग्णालय. रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात मर्यादा आणखी खाली. तेव्हा इथल्या चार पोरांनी स्क्रीमो अल्बम करायचा ठरवला, तर त्यांना गिटारच्या आधी भिंतीचा अभ्यास करावा लागतो.

स्क्रीमो ही हार्डकोअर पंकची एक फांदी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये हेरोइन, अँटिऑक ॲरो असे बँड आणि ग्रॅव्हिटी रेकॉर्ड्स ही छोटीशी कंपनी यांच्या आसपास ती वाढली. दोन-तीन मिनिटांचं गाणं, त्यातलं अर्धं कुजबुजल्यासारखं, आणि मग बांध फुटावा तसा सगळा बँड एकदम अंगावर येतो. स्वच्छ, मोकळ्या तारांची गिटार आणि गुणगुणता येईल असा सूर तिच्यात इंडी रॉकमधून आला. आपल्याकडे या घराण्याच्या जवळचं नाव म्हणजे मुंबईचा गॉडेस गॅग्ड. त्यांचा ‘रीसरफेस’ हा अल्बम २०११ सालचा. गायक सिद्धार्थ बसरूर. सुरेल गाणं आणि फाटका आवाज तिथे शेजारी-शेजारी नांदतात. मुंबईचाच स्क्राइब त्याहून दणकट आणि मिश्कील. ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४) या नावांतच त्यांचा स्वभाव कळतो.

तर भिंत. अंड्यांचे ट्रे चिकटवणं हा जॅमरूमवाल्यांचा जुना आवडता उद्योग, पण शेजाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. आवाज अडतो तो वजनाने. भिंतीचं वजन दुप्पट केलं की अडवणूक पाच-सहा डेसिबलने वाढते. दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची वीटभिंत ५० च्या आसपास डेसिबल खाते, आणि दाराखाली बोटभर फट राहिली की तिथून सगळी कमाई वाहून जाते. गाद्या-गोधड्यांचं काम वेगळं. त्या खोलीच्या आतला घुमारा मारतात, म्हणून रेकॉर्डिंगला हव्यातच. बास ड्रमचा धक्का मात्र हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो, त्यासाठी ड्रमखाली जाड रबर आणि वर प्लायचा पाट. एवढ्या खटाटोपापेक्षा भोसरी एमआयडीसीत गुरुवारच्या सुट्टीला ओळखीचा एखादा गाळा मिळाला तर मी तोच घेईन.

आता गळा. नुसतं ओरडलं तर दुसऱ्या गाण्यापर्यंत आवाज बसतो, हे मॅच बघून आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. स्वरयंत्रात स्वरतंतूंची जोडी असते. बोलताना पुरुषांची ती सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा कंप पावते, बायकांची दोनशेच्या आसपास. तिच्या जरा वर आणखी दोन मांसल घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. गिळताना श्वासाची वाट बंद करायला त्या मदत करतात. सिलिंडर उचलताना आपण श्वास कोंडतो, तेव्हाही त्या जवळ येतात. किंकाळी मारणाऱ्यांची एक मोठी पद्धत म्हणजे याच घड्या बेताने जवळ आणायच्या आणि त्यांतून हवा सोडायची. त्या वेड्यावाकड्या थरथरतात आणि ती खरखर उमटते. जोर पोटाचा आणि बरगड्यांचा, गळ्याने फक्त वाट द्यायची. चांगली किंकाळी खोलीत ऐकली तर वाटते त्याहून बरीच हळू असते, तिला मोठं करतो तो माइक. न्यूयॉर्कच्या गायनशिक्षिका मेलिसा क्रॉस यांनी तर या विद्येची ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ नावाची डीव्हीडीच २००५ मध्ये काढली.

स्क्रीमोवाले हे शिक्षण अर्धंच पाळतात, आणि त्यातच त्यांची मजा आहे. मेटलमधली किंकाळी घोटीव असते. इथे ती तुटली, चिरकली, शेवटी श्वास संपला तरी ठेवून देतात. पुष्कळदा गायक माइकपासून हातभर लांब उभा राहतो, म्हणजे शब्दांबरोबर खोलीही रेकॉर्ड होते. टेक दोन-तीनच, मधे कोमट पाणी. खरखर चालेल. दुखायला लागलं की त्या दिवसाचं काम संपलं.

मराठीत लिहायचं ठरवलं तर एक गंमत समोर येते. किंकाळीला तोंड उघडं लागतं, म्हणून आ आणि ओ मनासारखे फुटतात, ई आणि ऊ दातांत अडकतात. या संगीताचा सगळा जीव ‘मी’ या शब्दात, आणि आपला ‘मी’ नेमका ईकारान्त! इंग्रजीत तोच शब्द आ करूनच सुरू होतो. उपाय व्याकरणातच आहे. ‘मला’ घ्या, ‘माझा’ घ्या, ‘थांबा’, ‘सोडा’, ‘जा’ घ्या. ओळ आकारावर संपवली की गळा आपोआप साथ देतो. ‘मी’ ठेवावा कुजबुजीच्या भागात.

रेकॉर्डिंग ड्रमपासून सुरू होतं. कमीत कमी चार माइक लागतात, बास ड्रमला एक, स्नेअरला एक, वरून दोन. आवाजाला मीटरभर अंतर कापायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणून वरचे दोन माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर तोच फटका दोनदा येऊन पोकळ लागतो. त्याला महागडं यंत्र नको. सुतळी घ्यायची, स्नेअरच्या मध्यावर धरायची आणि दोन्हीकडे मोजायची. वाजवताना कानात क्लिक, म्हणजे ठेक्याची टिकटिक, लावायचा की नाही, यावर बँडमध्ये भांडणं होतात. माझं मत, लावू नये. बांध फुटताना लय थोडी पुढे धावते, ती धाव हीच या गाण्यांची नाडी. गिटार नंतर दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकतात.

कानांबद्दल औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कारखान्याच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन, १०५ ला एकच तास. ड्रमर त्याच तक्त्यात बसतो. प्रेसशॉपमध्ये मिळतात तेच फोमचे इअरप्लग जॅमरूममध्ये घालावेत.

सगळ्यात जास्त अल्बम बिघडतात ते मिक्सिंग-मास्टरिंगला. हौशी बँडला वाटतं, सगळंच मोठं करावं. पण कुजबूज आणि किंकाळी एकाच उंचीवर आणली तर किंकाळी उरतच नाही. शिवाय फायदाही नाही. स्पॉटिफाय गाण्यांची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो, त्याचं हे माप) आसपास आणतं. तुम्ही उणे ७ ला ठेचून दिलंत, तर तिथे ते ७ डेसिबल खाली ओढलं जातं आणि ठेचलेपण तेवढं राहतं. शांत भाग शांतच सोडावा. आणि गायकाला गिटारच्या जरा मागे ठेवावं, गर्दीतून कुणी हाक मारतंय असं वाटावं इतपत. शब्द कळत नाहीत ही तक्रार येणारच, त्यासाठी गाण्यांचे शब्द छापून अल्बमबरोबर द्यावेत.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘रीसरफेस’ घ्या. पहिल्यांदा आवाज कमी ठेवून शांत भाग नीट ऐका. दुसऱ्यांदा हवा तेवढा वाढवा, पण खिडकी लावून, आणि रात्री दहाच्या आत.