मुंबई ते न्यूयॉर्क: अंतराचे गणित आणि घड्याळाचे

मुंबई आणि न्यूयॉर्कचा जेएफके या विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे 12,550 किलोमीटर आहे. प्रवासी विमानाचा वेग ताशी सुमारे 900 किलोमीटर धरला, तर भागाकाराचे उत्तर येते 14 तास. प्रत्यक्षात जाताना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तो का लागतो, याविषयी अनेक गैरसमज आहेत.

गैरसमज: नकाशावरची सरळ रेषा हाच सर्वांत जवळचा मार्ग.
वस्तुस्थिती: पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो अरबस्तानावरून न जाता उत्तरेकडे वळतो आणि रशिया, आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक असा जातो. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसणारी वाट या दोऱ्यापेक्षा दीड हजार किलोमीटरहून अधिक लांब पडते.

गैरसमज: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचते.
वस्तुस्थिती: पृथ्वीबरोबर तिचे वातावरण आणि त्यातले विमानही फिरत असते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण 10 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. म्हणून न्यूयॉर्कहून परतताना वेळ कमी लागतो. फेब्रुवारी 2020 मध्ये असाच जोरदार वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला सहा-सात तास लागतात.

गैरसमज: अंतर कमी, तर वेळही कमी.
वस्तुस्थिती: ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. मार्ग सुमारे 1,400 किलोमीटरने वाढला, तरी पाठीमागच्या वाऱ्यामुळे वेळ वाचला.

गैरसमज: मार्ग एकदा ठरला की कायमचा.
वस्तुस्थिती: हवामान पाहून मार्ग रोज आखला जातो. कधी राजकारणही आडवे येते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. त्यामुळे पश्चिमेकडच्या अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

गैरसमज: तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ.
वस्तुस्थिती: दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून रात्री 1 वाजता निघाले आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 6.30 वाजता पोहोचले. वजाबाकी साडेपाच तास सांगते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते. ते मिळवले की प्रवास 16 तासांचा ठरतो. उन्हाळ्यात अमेरिकेतली घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा साडेनऊ तास मिळवावेत. या 16 तासांत विमान गेटपासून हलून धावपट्टीवर जाण्याचा आणि उतरल्यावर पुन्हा गेटला लागण्याचा वेळही धरलेला असतो.