स्वररज्जुघात : वय व लिंग यांचा आवाजावरील परिणाम

स्वरयंत्रातील एका वा दोन्ही स्वररज्जूंची हालचाल, त्यांच्या तंत्रिकेला इजा झाल्यामुळे, बंद पडणे या विकृतीला स्वररज्जुघात म्हणतात. प्राणेशा (दहाव्या मस्तिष्क) तंत्रिकेची पुनरावर्ती शाखा स्वरयंत्राच्या बहुतेक स्नायूंना चेतना देते. डावी शाखा छातीत उतरून महारोहिणीच्या कमानीखालून पुन्हा वर चढते. मार्ग लांब असल्याने तिला इजा होण्याचा संभव अधिक असतो. अवटू ग्रंथीवरील व छातीतील शस्त्रक्रिया आणि फुप्फुसाचा कर्करोग ही प्रमुख कारणे होत. काही रुग्णांत कारण आढळत नाही.

बोलताना दोन्ही स्वररज्जू मध्यरेषेवर मिळून कंप पावतात. एक निकामी झाल्यास मध्ये फट राहते, हवा निसटते व आवाज घोगरा आणि क्षीण होतो; पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही रज्जू मध्यरेषेजवळ स्थिरावल्यास आवाज बराचसा टिकतो, परंतु श्वासमार्ग अरुंद होतो. म्हणून आवाज चांगला असणे हे विकृती सौम्य असल्याचे लक्षण नव्हे.

*वय :* नवजात अर्भकाचे स्वररज्जू सु. ३ मिमी. लांब असतात व श्वासमार्ग अत्यंत अरुंद असतो. त्यामुळे आवाजापेक्षा श्वास घेतानाची घरघर, क्षीण रडणे व दूध पिताना लागणारा ठसका यांवरून विकृती लक्षात येते. प्रौढात निरोगी रज्जू पुष्कळदा मध्यरेषेपलीकडे सरकून फट भरून काढतो. वार्धक्यात रज्जूतील स्नायू झिजतात, कडा अंतर्वक्र होतात व श्वासाचा जोर घटतो. त्यामुळे ही भरपाई अपुरी पडते.

*लिंग :* पौगंडावस्थेत पुरुषाचे स्वररज्जू लांब व जाड होतात. प्रौढ पुरुषाच्या बोलण्याची कंप्रता सु. १२० हर्ट्‌झ, तर स्त्रीची सु. २०० हर्ट्‌झ असते. स्वररज्जुघातानंतर काही पुरुष फट मिटविण्यासाठी रज्जू ताणून अनैसर्गिक उंच पट्टीत बोलू लागतात. अनेक निरोगी तरुण स्त्रियांतही रज्जूंच्या मागील टोकाशी लहानशी फट असते, म्हणून किंचित श्वासमिश्रित आवाज हा त्यांच्यात रोगाचा पुरावा ठरत नाही. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीचा आवाज खाली उतरतो, तर वृद्ध पुरुषाचा चढतो. यास्तव रुग्णाच्या आवाजाची तुलना त्याच्याच वयाच्या व लिंगाच्या निरोगी व्यक्तींशी करावी लागते.

*निदान व चिकित्सा :* वृद्धाचा घोगरेपणा केवळ वयाचा परिणाम मानणे धोक्याचे असते. तो छातीतील कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकतो. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या घोगरेपणात स्वरयंत्राची तपासणी आवश्यक असते. इजा सौम्य असल्यास काही महिन्यांत, क्वचित वर्षभराने, हालचाल परत येते. तोपर्यंत स्वरोपचार वा रज्जूत भरणद्रव्याचे अंतःक्षेपण उपयोगी पडते. कायमच्या घातात निकामी रज्जू मध्यरेषेकडे सरकविणारी शस्त्रक्रिया करतात. तिची आधुनिक पद्धती जपानी शस्त्रक्रियाविशारद नोबुहिको इशिकी यांनी १९७४ मध्ये मांडली. वाढत्या वयात, विशेषतः पुरुषांत, अवटू उपास्थीचे अस्थिभवन होत असल्याने तीत खिडकी पाडणे अवघड जाते. बालकांत स्वरयंत्राची वाढ व्हावयाची असल्यामुळे ही शस्त्रक्रिया सहसा टाळतात. दोन्ही रज्जूंच्या घातात श्वासमार्ग मोकळा राखणे हे पहिले कर्तव्य असते व त्यासाठी प्रसंगी श्वासनालछेदन करावे लागते.