टाकी का फुटली?

मी कॉलेजात गेलेला माणूस नाही. जे थोडेफार शिकलो ते कारखान्यांच्या फाटकांवर आणि अपघातांचे अहवाल वाचून. त्यांतल्या एकाच अपघाताची हकीगत आज सांगतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरात जो गॅस असतो, त्याचा स्वभाव तीत पुरता उघडा पडतो.

४ जानेवारी १९६६. फ्रान्समध्ये लिऑन शहराजवळ फेझँ येथील तेलशुद्धीकरण कारखाना. प्रोपेनने भरलेल्या अवाढव्य गोल टाकीच्या तळाचे पाणी काढून टाकण्यासाठी एक कामगार पहाटे झडपा उघडत होता. झडपा दोन, एकीखाली एक. वरची आधी पुरी उघडून प्रवाह खालचीने आवरायचा, झाले उलटे. दाब उतरला की प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत गारठतो. वरच्या झडपेत बर्फ धरला, वाट तुंबली. त्याने ती आणखी उघडली तोच बर्फ सुटला, प्रोपेन उसळून अंगावर आला, झडपेचा दांडा निखळला तो पुन्हा बसेना.

हवेहून दीडपट जड असा तो वायू जमिनीलगत सरपटत सुमारे १६० मीटरवरच्या रस्त्यावर गेला. तेथे एका मोटारीने तो पेटला आणि आग आल्या वाटेने टाकीखाली परतली.

अग्निशामकांनी पाणी मारले ते मुख्यतः शेजारच्या टाक्यांवर. या टाकीला सुरक्षा-झडप आहे, तेव्हा ती तगेल, असा समज. समजाची चूक अशी : खालच्या पत्र्याची उष्णता आतला द्रव उकळून शोषून घेतो, द्रवाच्या वरचा पत्रा मात्र नुसताच तापतो आणि मऊ पडतो. सुरक्षा-झडप दाब वाढू देत नाही, पण मऊ पोलादाला नेहमीचा दाबही सोसत नाही. दीडएक तासाने टाकी फुटली. १८ माणसे गेली, त्यांत बहुतेक अग्निशामक.

‘कामगाराची चूक’ एवढे लिहून कागद मिटता येतो. तीस वर्षे मी ते पाहतो आहे. पण निखळणारा दांडा त्या कामगाराने घडवला नव्हता. टाकीखालची जमीन उतरती असती, तर सांडलेला प्रोपेन टाकीखाली न जळता दूर वाहिला असता. पुढे तसे उतार झाले, लांबून मिटणाऱ्या झडपा आल्या. आधीही ते करता आले असते.

घरच्या सिलिंडरात हाच वर्ग, १४.२ किलो. हवेत दोनएक टक्के मिसळला की पेटायला पुरे. वास आला तर दिव्याचे बटण लावू नका आणि मालवूही नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करा आणि खिडकीआधी दार उघडा, कारण गॅस फरशीशी बसलेला असतो.