एक्स्प्लेनर : रेड, अ‍ॅम्बुश, असॉल्ट, चार्ज... सगळ्यांचा अर्थ 'हल्ला'च, मग फरक काय?

अंबड : स्पर्धा परीक्षेची तयारी करताना रेड, अ‍ॅम्बुश, असॉल्ट आणि चार्ज या चारही इंग्रजी शब्दांपुढे अनेक जण 'हल्ला' एवढाच अर्थ लिहितात. पेपरमध्ये हे चारही पर्याय एकत्र आले की गोंधळ होतो. प्रत्यक्षात हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जालना जिल्ह्यातील आणि राज्यातील घटनांवरून फरक समजून घेऊया.

रेड : जा, छापा टाका, परत या
नोव्हेंबर 1679 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मुघलांच्या ताब्यातील जालन्याची श्रीमंत पेठ लुटली. मराठे चार दिवस होते, मग परत फिरले. शहर ताब्यात ठेवणे हा हेतू नव्हता. म्हणून ही रेड. मराठीत छापा किंवा धाड.

आयकर विभागाच्या कारवाईलाही बोलीभाषेत रेडच म्हणतात. ऑगस्ट 2022 मध्ये जालन्यात पथके लग्नाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून आली आणि 56 कोटींहून अधिक रोकड जप्त झाली. बातम्यांत शब्द होता रेड. मात्र 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 132 चे शीर्षक होते 'सर्च अँड सीझर', म्हणजे झडती आणि जप्ती.

अ‍ॅम्बुश : दबा धरून बसा, शत्रूला येऊ द्या
रेडमध्ये हल्लेखोर लक्ष्याकडे जातो. अ‍ॅम्बुशमध्ये तो लपून वाट पाहतो आणि लक्ष्यच त्याच्याकडे येते. फेब्रुवारी 1661 मध्ये कारतलबखान फौज घेऊन कोकणात उतरत होता. उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत, दाट झाडीत मराठे आधीच दबा धरून बसले होते. खानाला शरण यावे लागले.

शाईस्तेखानावर 5 एप्रिल 1663 रोजी लाल महालात झालेला हल्लाही अचानकच होता. पण तिथे महाराज स्वतः खानाच्या मुक्कामी गेले होते. म्हणून तो अ‍ॅम्बुश नव्हे, रेड.

असॉल्ट : कायद्यात मार बसायची गरज नाही
युद्धात असॉल्ट म्हणजे किल्ल्यावर किंवा ठाण्यावर थेट, जोरदार चढाई. कायद्यातला अर्थ वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 130 नुसार, हात उगारून समोरच्याला 'आता बळाचा वापर होणार' अशी भीती घातली, तरी तो असॉल्ट ठरू शकतो. नुसते शब्द मात्र पुरेसे नाहीत. सरकारी कर्मचाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी असे केल्यास कलम 132 लागते. पूर्वी हेच कलम 353 होते.

चार्ज : वेगाने अंगावर धावून जाणे
अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे 1 सप्टेंबर 2023 रोजी मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी पोलिसांनी लाठीमार केला. इंग्रजी बातम्यांत तो 'लाठीचार्ज' झाला. हा शब्द फक्त कृती सांगतो. सुरुवात कोणी केली, कारवाई योग्य होती का, हे त्यातून कळत नाही. तसेच 'चार्जशीट'मधला चार्ज म्हणजे आरोप. त्याचा हल्ल्याशी संबंध नाही.

लक्षात कसे ठेवाल?
- जाऊन, उरकून परतला : रेड
- लपून वाट पाहिली : अ‍ॅम्बुश
- थेट चढाई केली किंवा हात उगारला : असॉल्ट
- अंगावर धावून गेला : चार्ज

पर्याय निवडण्यापूर्वी वाक्यात एकच गोष्ट शोधा : हल्लेखोर आला, की आधीच तिथे बसला होता?