दुसऱ्याच्या नकाशावर

सीवूड्स स्टेशनला उतरून पाम बीच मार्गाच्या दिशेने चालू लागले की सिडकोची आखीव शिस्त दिसते. सेक्टर, भूखंड, इमारत, मजला. पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला की नवखा माणूसही बिनचूक दारात येऊन उभा राहतो. हीच वाट करावे गावठाणात शिरली की मात्र शिस्त मागे राहते. गल्ली कुणाच्या तरी ओट्याला वळसा घालून जाते, पुढे इतकी अरुंद होते की समोरून स्कूटर आली तर एकाने मागे सरावे. घराला घर चिकटलेले, त्यावर मजले चढलेले. पत्ता विचारावा तर उत्तर मिळते, ‘‘पिंपळापासून डावीकडे, पिठाच्या गिरणीशी कुणालाही विचारा.’’

सिडकोची स्थापना १९७० सालची. नव्या शहरासाठी जी पंचाण्णव गावे घेतली, त्यांची शेते आणि मिठागरे शहरात गेली. गावठाणे तेवढी शहराच्या पोटात जशीच्या तशी राहिली. नकाशात सेक्टर ठळक आणि गावठाण म्हणजे नुसता एक करडा ठिपका, अशी स्थिती पुष्कळ वर्षे होती.

माझ्या भाच्याने हीच अडचण हेरली. संगणकाचे शिक्षण झालेले, नोकरी मनासारखी मिळेना, हातात मोबाइल आणि डोक्यात कल्पना. त्याने एक अ‍ॅप बनवायला घेतले. किराणावाला, दूधवाला, औषधवाला यांच्या पोराला गावठाणातले नेमके दार दाखवणारे. रात्री जागून दीड-दोन महिन्यांत त्याने ते उभे केले. आम्हा सगळ्यांना केवढे कौतुक! नेरूळच्या एका व्यापाऱ्याने ते पाहिले, त्याला पसंत पडले, आणि पैशाचे बोलणेही झाले. फक्त जाता जाता तो म्हणाला, ‘‘एका कागदावर लिहून दे, यातली सगळी माहिती तुझी स्वतःची आहे.’’

पोरगा त्या संध्याकाळी माझ्याकडे आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. ‘‘मामा, सही करू का नको?’’

‘‘का रे? तूच केलंस ना सगळं?’’

‘‘अ‍ॅप मीच केलं. नकाशा माझा नाही.’’

मग हळूहळू उलगडा झाला. गावातली दुकाने, दवाखाने, देवळे यांची नावे आणि ठिकाणे त्याने एका बड्या कंपनीच्या नकाशातून एकेक करून उचलून आपल्या तक्त्यात साठवली होती. गल्ल्या त्याच कंपनीच्या उपग्रह-छायाचित्रावरून गिरवल्या होत्या. आणि हे सारे मांडले होते दुसऱ्याच एका, फुकट मिळणाऱ्या नकाशावर. तळाशी त्या नकाशाचे नावदेखील नव्हते. पडद्यावर जागा अडते म्हणून काढून टाकलेले.

आता तुम्ही म्हणाल, यात बिघडले काय? नकाशा तर सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये असतो. पिंपळ कुठे आहे, हे काय कुणाच्या मालकीचे आहे? पिंपळ नाही, पण पिंपळ अमुक ठिकाणी आहे हे हिंडून, मोजून, तपासून ज्याने नोंदले, त्याची मेहनत त्याच्या मालकीची आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नकाशाची गणना चक्क चित्रकृतींबरोबर केलेली आहे. आणि कायद्याच्याही आधी येतो तो करार. नकाशा-सेवा अ‍ॅपला जोडताना अटींचे लांबलचक पान समोर येते. ते न वाचता आपण ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवतो. ते बोट म्हणजे आपली सहीच.

मी आणि भाचा, दोघांनी मिळून ते पान वाचायला घेतले. इंग्रजी वकिली असले तरी गाभा अवघड नव्हता. उदाहरणार्थ, गूगलच्या अटी. त्यांच्या सेवेकडून एखाद्या पत्त्याचे अक्षांश-रेखांश मिळाले, तर ते फार तर तीस दिवस साठवून ठेवता येतात. मग पुसायचे आणि लागले तर पुन्हा विचारायचे. प्रत्येक ठिकाणाला त्यांनी दिलेला जो खुणेचा क्रमांक असतो, तेवढा कायम ठेवायला हरकत नाही. त्यांची माहिती दुसऱ्याच्या नकाशावर मांडायची नाही. त्यांच्या चित्रावरून रस्ते गिरवायचे नाहीत. वाचनालयात बसून पुस्तक हवे तेवढे वाचा, पण सगळ्या कपाटांच्या झेरॉक्स काढून शेजारी आपले वाचनालय उघडू नका, असा हा साधा हिशेब. एकेक ओळ वाचली जात होती तसतशी पोराची मान खाली जात होती.

‘‘आणि तो फुकटचा नकाशा?’’ मी विचारले.

त्याची कथा निराळी आहे, आणि मला तरी ती अधिक मोलाची वाटली. त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने तो सुरू केला. तिथल्या सरकारी सर्वेक्षण खात्याचे नकाशे महाग आणि बंधनांत अडकलेले; मग लोकांनीच आपापल्या गल्लीचा नकाशा काढून एकत्र का करू नये? आज जगभरचे स्वयंसेवक तो भरत असतात. त्यातली माहिती कोणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरावी. अट एवढीच, की नकाशा कोणाचा हे ठळक दिसले पाहिजे. आणि त्या माहितीत भर घालून तुम्ही नवा साठा लोकांपुढे आणलात, तर तोही त्याच मोकळेपणाने इतरांना दिला पाहिजे.

पण माहिती मोकळी असली तरी ती पुरवणारे संगणक कोणाचे? देणग्यांवर चालणाऱ्या एका संस्थेचे. आपण मोबाइलवर नकाशा सरकवतो तेव्हा चौकोनी तुकड्यांत त्याची चित्रे तिकडून येत असतात. तिथे नियम आहेत: आपल्या अ‍ॅपची ओळख द्या, एकदा आलेले तुकडे जपून ठेवा म्हणजे पुन्हा पुन्हा मागावे लागणार नाहीत, पोतीच्या पोती भरून उतरवून घेऊ नका. पत्ते शोधून देणाऱ्या त्यांच्या सेवेला सेकंदाला एकाहून जास्त प्रश्न विचारू नका. उन्हातान्हात वाटेवर पाणपोई असते. तहानलेल्याने भांडेभर पाणी प्यावे. टँकर लावला तर रांजण भरणाऱ्याने काय करावे? तो नळी काढून टाकतो. इथेही न कळवता अडवले जाण्याची तरतूद अटींतच लिहिलेली आहे.

गंमत अशी की भाच्याने या दोघांची सरमिसळ करून दोघांचाही नियम मोडला होता. बड्या कंपनीला तिची माहिती दुसरीकडे गेलेली चालत नाही, आणि ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांना उचललेली माहिती आपल्याकडे आलेली चालत नाही. त्यांच्याकडे याबाबत सोवळे फार कडक असते, आणि ते असायलाच हवे. कारण एका गावचा चोरीचा माल सापडला तर साऱ्या नकाशावर बोट ठेवले जाईल.

‘‘पण मामा, कळणार कोणाला?’’ हा प्रश्न त्याने विचारलाच. त्या वयात मीही विचारला असता.

नकाशेवाले या बाबतीत मोठे वस्ताद. अमेरिकेत १९३०च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग या कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात ‘अ‍ॅग्लो’ नावाचे मुळात नसलेले गाव घातले. ओटो लिंडबर्ग आणि अर्नेस्ट आल्पर्स या दोघांच्या नावांतली आद्याक्षरे उलटसुलट करून ते नाव बनवलेले. पुढे रँड मॅकनॅली या दुसऱ्या कंपनीच्या नकाशात तेच गाव आले. चोरी सापडली म्हणावे, तर तिथे म्हणे खरोखरच ‘अ‍ॅग्लो जनरल स्टोअर’ उभे होते. दुकानदाराने नकाशात नाव पाहून तेच दुकानाला दिलेले! ब्रिटनमधला प्रसंग इतका विनोदी नव्हता. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याने ऑटोमोबाइल असोसिएशनवर नकल केल्याचा आरोप केला. रस्त्यांच्या रुंदीसारख्या बारीकसारीक खुणा जुळल्या, आणि २००१ साली दोन कोटी पौंड देऊन ते प्रकरण मिटवावे लागले.

आपल्याकडचे प्रकरण तर ताजे आहे. मॅपमायइंडिया ही दिल्लीची कंपनी. राकेश आणि रश्मी वर्मा या दाम्पत्याने १९९५ साली ती काढली. मोबाइलमध्ये नकाशा असतो हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते तेव्हापासून ही मंडळी देश मोजत आहेत. त्यांच्या नकाशाचा परवाना ओला इलेक्ट्रिकने २०२१ साली आपल्या स्कूटरसाठी घेतला. जुलै २०२४ मध्ये ओलाने गूगलचा नकाशा सोडून स्वतःचा ‘ओला मॅप्स’ आणला आणि त्यामुळे वर्षाला शंभर कोटी वाचणार असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात मॅपमायइंडियाची नोटीस गेली: आमची माहिती करार मोडून साठवलीत आणि तिच्यावरून आपला नकाशा बनवलात. ओलाने आरोप साफ फेटाळले. खरे कोणाचे, हे ठरवणे माझे किंवा भाच्याचे काम नव्हे. पण कंपनी शेअरबाजारात उतरायला निघालेली असताना साऱ्या वर्तमानपत्रांत हाच विषय यावा, ही नामुष्की छोटी नाही. नेरूळच्या व्यापाऱ्याला कागदावर सही हवी होती ती काही उगीच नाही.

अटी एकतर्फी असतात, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि ती मी लपवणार नाही. २०१८ साली गूगलने नकाशा-सेवेचे दर असे काही बदलले की जगभर छोट्या धंदेवाल्यांची झोप उडाली. भारतात स्पर्धा आल्यावर ऑगस्ट २०२४ पासून तेच दर सत्तर टक्क्यांपर्यंत उतरले. म्हणजे घरमालक भाडे वाढवतो तेव्हा विचारत नाही. पण भाडे वाढले म्हणून भाडेकरूने दारे-खिडक्या काढून न्याव्यात काय? परवडत नसेल तर घर सोडावे, नाही तर स्वतःचे बांधावे.

स्वतःचे बांधायला पूर्वी सोपे नव्हते. आपल्या देशात नकाशा ही लष्कराच्या नजरेखालची वस्तू होती. २०१३ साली गूगलने नकाशे भरण्याची स्पर्धा ठेवली, तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने तक्रार केली आणि प्रकरण पुढच्या वर्षी सीबीआयच्या प्राथमिक चौकशीपर्यंत गेले. २०१६ च्या विधेयकाच्या मसुद्यात तर शंभर कोटींपर्यंत दंडाची भाषा होती; तो मसुदा कायदा झाला नाही. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि चित्र पालटले. संवेदनशील ठिकाणांची बंधने सोडली, तर भारतीय माणसाला वा कंपनीला आपला परिसर मोजायला आणि नकाशा छापायला आता आगाऊ परवानगी लागत नाही. अत्यंत बारकाईचे मोजमाप परदेशी कंपन्यांना स्वतः करता येत नाही, ते भारतीयांकडूनच घ्यावे लागते. म्हणूनच २०२२ साली रस्त्यांची चित्रे दाखवणारी गूगलची सेवा पुणे, नाशकात आली ती जेनेसिस आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांच्या हातून.

करावे गावाला हे सांगायची खरे तर गरज पडू नये. गावात तांडेल आडनावाची घरे आहेत. तांडेल म्हणजे गलबतावरचा म्होरक्या. खाडीचा नकाशा ज्याच्या डोक्यात असायचा तो. आणि गावाशेजारी, पाम बीच मार्गाच्या पलीकडे, ‘चाणक्य’ ही नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था आहे. १९२७ साली ‘डफरिन’ जहाजावर सुरू झालेली ही परंपरा ‘राजेंद्र’ जहाजावरून १९९३ मध्ये इथे किनाऱ्यावर आली. तिथली मुले सागरी नकाशा वाचायला शिकतात; तो नकाशा कोणी काढला, कोणत्या साली, शेवटची दुरुस्ती कधीची, हे पाहिल्याशिवाय त्यावर जहाज घालायचे नाही. नकाशाच्या कोपऱ्यातले नाव हे जागा अडवणारे लचांड नव्हे, हे त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक असते.

भाच्याने सही केली नाही. व्यापाऱ्याला खरे ते सांगितले आणि दोन महिन्यांची मुदत मागितली. ‘‘बघू,’’ एवढेच उत्तर मिळाले. मग त्याने साठवलेला तक्ता पुसला. मी समोर होतो. दोन मिनिटे तो पडद्याकडे बघत बसला आणि मग बहिणीला म्हणाला, ‘‘आई, चहा टाक.’’

पुढच्या रविवारपासून तो आणि त्याचे दोन मित्र गावठाणात हिंडू लागले. गल्ल्यांसाठी त्यांना मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ची उपग्रह-छायाचित्रे मिळाली, ओपनस्ट्रीटमॅपसाठी ती गिरवायची परवानगी त्या कंपनीने २०१० सालीच देऊन ठेवलेली आहे. काम तेच, गिरवण्याचे. फक्त इथे मालकाने हो म्हटलेले. छतांमुळे चित्रात जे दिसत नाही, ते पायी चालून भरायचे. एकदा त्याने कुरकुर केली, ‘‘मामा, गल्ल्या सगळ्यांच्या नकाशात टाकल्या, तर माझ्यासारखं अ‍ॅप उद्या दुसराही काढेल.’’ काढेल की! गल्ल्या गावाच्याच आहेत. गिऱ्हाइकांची वही तेवढी त्याची, आणि ती वेगळी ठेवायला कोणाची ना नाही.

परवा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. एका ओट्यावर आजी कोलंबी सोलत बसलेल्या. पोरांच्या हातातला मोबाइल बघून त्यांनी विचारले, ‘‘काय रे, कसला सर्वे? घर पाडणार का?’’

‘‘नाही आजी, तुमच्या गल्लीचा नकाशा काढतोय.’’

‘‘माझं नाव नको घालू त्यात.’’

‘‘नाव नाही घालत आजी. फक्त गल्ली.’’

आजींनी कोलंबीचे ताट बाजूला सरकवून पाय आवरले. ‘‘मग आतून जा. मागच्या दारानं वाट आहे, ती कुणालाच ठाऊक नाही.’’